इकडील सर्व ठीक

मे महिन्यात सासरच्या घराचं माळवद उतरवायला घेतलं. खटाव तालुक्यातलं जुनं धाब्याचं घर. पावसाळ्याआधी स्लॅब पडायला हवा म्हणून सगळ्यांची घाई चाललेली. सामान बाहेर काढताना आतल्या खोलीत मंचाखालून एक काळी ट्रंक निघाली. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि त्याखाली आजेसासऱ्यांचं नाव, तेही इंग्रजी अक्षरांत. आत चार पदकं, टवके उडालेला एनॅमलचा मग्गा, डिस्चार्जचं पुस्तक आणि मेणकापडात गुंडाळलेली सात पत्रं.

माझे वडील नेमके त्या दिवशी आलेले होते. ते निवृत्त शिक्षक. सासरे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. दोघे बारा वर्षं व्याही आहेत आणि बारा वर्षं एकाच गोष्टीवरून भांडताहेत : १९४३ साली सातारा जिल्ह्यातल्या विशीतल्या पोरानं कुठे असायला हवं होतं? सासऱ्यांचे वडील तेव्हा इंग्रजांच्या फौजेत, इटलीत. माझे आजोबा प्रतिसरकारात भूमिगत. एकाच जिल्ह्यातली, जवळपास एकाच वयाची दोन माणसं. मी दोघांचीही नात, एकाची रक्ताची, दुसऱ्याची लग्नानं. म्हणून मला बाजू घेता येत नाही, आणि गप्प बसवतही नाही. दोघे एकमेकांना हुद्द्यानंच हाक मारतात, म्हणून इथेही तसंच लिहिते.

मास्तर : 'इकडील सर्व ठीक. तिकडील कळवणे.' हे पहिलं. आता दुसरं. 'इकडील सर्व ठीक.' तिसऱ्यातही तेच. अहो सुभेदार, हे इकडील म्हणजे कुठलं?

सुभेदार : इटली. पण ते लिहायची मनाई. पत्र उघडं द्यायचं, वरचा माणूस वाचणार आणि मगच ते पुढं जाणार. गावाचं नाव, नदीचं नाव, कोण पडलं, कोण जखमी, काय बी लिहायचं न्हाई. मग माणूस लिहिणार काय? हवा बरी, जेवण बरं, म्हशीला जपा.

मास्तर : आईला आपण कुठे आहोत हे सांगायची चोरी. याला सैनिक म्हणायचं की कैदी?

सुभेदार : तुमचे वडील तीन वर्षं भूमिगत होते. आज कुंडलला, उद्या कुणाच्या उसात. त्यांनी घरी पत्ता कळवला होता काय?

मास्तर : ते स्वतःच्या मर्जीनं लपले होते.

सुभेदार : आणि माझा बाप स्वतःच्या मर्जीनं भरती झाला. साताऱ्याला छाती मोजून घेतली, बेळगावला ट्रेनिंग केलं. धरून न्हाई नेला कुणी.

मास्तर : मर्जी कसली? चार एकर जिरायत, खाणारी तोंडं आठ. ही भरती नव्हे सुभेदार, ही भूक. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हॉइसरॉयनं हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं, तेव्हा इथल्या एका माणसाला विचारलं होतं का? प्रांतांतली काँग्रेसची मंत्रिमंडळं त्याच मुद्द्यावर बाहेर पडली. आणि ९ सप्टेंबर १९४२ ला आपल्या वडूजला कचेरीवर मोर्चा गेला तेव्हा गोळ्या कुणी घातल्या? नऊ माणसं गेली. माझे वडील त्या मोर्चात होते. त्याच सरकारचे अठरा रुपये तुमचे वडील महिन्याला घेत होते.

सुभेदार : घेत होते. त्यातले दहा इकडं लावून दिलेले. त्या दहांत दोन बहिणींची लग्नं झाली आणि सावकाराकडची जमीन सुटली. तुमच्या लोकांनी जून ४३ ला शेणोलीला पगाराची गाडी लुटली, त्यात आमची मनिऑर्डर नव्हती म्हणून बरं!

दोघेही हसले. हा विनोद दर भांडणात एकदा होतो. त्यानंतर चहा येतो.

खरं तर भरतीच्या प्रश्नावर तेव्हा महाराष्ट्राचंही एकमत नव्हतं. काँग्रेस युद्धापासून दूर होती. सावरकर तरुणांना फौजेत जा म्हणून सांगत होते. आंबेडकरांच्या आग्रहाला यश येऊन १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. पहिल्या महायुद्धानंतर महारांची पलटण मोडली होती, तो अपमान धुऊन निघायला हवा होता. म्हणजे फौजेचा गणवेश कुणाला गुलामीचा पट्टा वाटत होता, तर कुणाला ताठ मानेनं उभं राहण्याची पहिली संधी. आमच्या ओसरीवर मात्र हे सगळं दोन माणसांतच वाटलं जातं. त्यामुळे तिसऱ्या बाजूला जागा उरत नाही.

चहा झाल्यावर बाबांनी मग्गा हातात घेतला. कानाजवळ एनॅमल उडून आतलं काळं लोखंड दिसत होतं.

मास्तर : बरं, सरकार, राजा, स्वातंत्र्य सगळं बाजूला ठेवू. तिथे तो माणूस रोज करत काय होता? सिनेमात दाखवतात तशी रोज चढाई?

सुभेदार : कसली चढाई! चढाई महिन्यातनं एखादी रात्र. बाकी सगळं चिखल आणि वाट बघणं. पहाट व्हायच्या आधी 'स्टँड टू'. सगळ्यांनी हत्यार घेऊन खंदकात उभं राहायचं, कारण शत्रू यायचा तर त्याच वेळेला. उजाडलं की निम्मी माणसं खाली. रायफल साफ करा, दाढी करा, मोजे बदला. मोज्यांचा तर हुकूमच होता. ओल्या बुटात पाय सडतात. जोडीदारानं जोडीदाराचे पाय चोळायचे. आमचा म्हातारा सांगायचा, मी उभ्या जन्मात बायकोचे पाय चेपले न्हाईत, पण पाटणच्या एका पोराचे रोज चोळले.

मास्तर : जेवण?

सुभेदार : लंगर मागं, दोन-तीन मैलांवर. दिवसा धूर दिसला की तोफ पडणार. म्हणून रात्री खेचरावरनं यायचं. चपात्या पोत्यात गुंडाळलेल्या, डाळ डब्यात. पोचेपर्यंत गार. वाटेत खेचराचा पाय घसरला की डाळ ओढ्यात. मग चपाती आणि डब्यातल्या दुधाचा चहा, बास. हिवतापासाठी पिवळी गोळी, मेपाक्रिनची. ती रांगेत उभं करून गिळायला लावायचे, आणि नाईक तोंड उघडून बघायचा, गिळली का गालात ठेवली. ती खाऊन खाऊन कातडं पिवळं पडायचं. लग्नात हळद लावली नसंल तेवढा म्हातारा पिवळा झालेला.

मास्तर : आणि हे इंग्रजी अक्षरांतलं नाव? ते तर शाळेत गेले नव्हते म्हणता.

सुभेदार : पलटणीतच शिकले. फौजेची लिखापढी रोमन उर्दूत. भाषा उर्दू, अक्षरं इंग्रजी. मराठी लिहिता येत नव्हती, पण रोमनमध्ये सही करायचे.

इथे बाबा थोडे थांबले. जन्मभर मुलांना बाराखडी शिकवलेला माणूस. सातारच्या कुणब्यानं परक्या लिपीत परकी भाषा शिकावी आणि स्वतःची तेवढी राहून जावी, हे त्यांना गोळीबारापेक्षा जास्त लागलं असावं. पण ते बोलले वेगळंच.

मास्तर : मग ही पत्रं कुणी लिहिली?

सुभेदार : लिहिणारा असायचाच की कुणीतरी. कंपनीत सातवी शिकलेलं एखादं पोर. त्याच्याभोवती रविवारी गर्दी. तो एकाच दमात दहा जणांची लिहायचा. म्हणून तर सगळ्यांची सारखी.

सासरे बोलू लागले की पलटणीचा इतिहास आपोआप पुढे येतो. वडील पहिल्या पलटणीत, म्हणजे जंगी पलटणीत. इराकमध्ये काही महिने काढून, आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या टाचेवर, तारांतोला उतरलेले. मग एड्रियाटिक समुद्राच्या कडेनं उत्तरेला. त्या बाजूला डोंगरातून समुद्राकडे धावणाऱ्या नद्यांची रांगच आहे. एक ओलांडली की पुढे दुसरी, आणि प्रत्येकीच्या पलीकडच्या काठावर जर्मन. नोव्हेंबरात सांग्रोला पूर आला, बांधलेले पूल वाहून गेले. डिसेंबरात मोरो नदीवर डिव्हिजनच्या सॅपर्सनी चक्क उलटा पूल बांधला. आपल्या बाजूला रस्त्याचं वळण इतकं तंग होतं की पुलाचं सामान मांडायला जागा नाही. म्हणून पलीकडे, शत्रूच्या अंगाला जाऊन तिकडून पूल अलीकडे ढकलला. त्याला त्यांनीच नाव दिलं 'अशक्य पूल'. हे सांगताना सासऱ्यांचे हात असे हलतात की जणू लोखंडी चौकटी त्यांनीच खांद्यावर वाहिल्या. त्यांचा जन्म १९५० चा.

मास्तर : पण यात वडील कुठे आहेत? हा तर डिव्हिजनचा इतिहास झाला.

सुभेदार : वडील पांढऱ्या फितीवर.

मास्तर : म्हणजे?

सुभेदार : जमिनीत सुरुंग पेरलेले. सॅपर पुढं जाऊन वाट मोकळी करायचे आणि दोन्ही कडांना पांढरी फीत लावायचे. रात्री तेवढ्यातनंच चालायचं. पुढच्याचं पाऊल जिथं पडलं तिथंच आपलं. लघवीला बी बाजूला व्हायचं न्हाई. म्हातारा पुढं पन्नास वर्षं जगला, पण रानातनं येताना बघितलाय तुम्ही त्याला? बांध सोडून कधी चालला न्हाई. ढेकळात पाय टाकायचा न्हाई. आम्हाला वाटायचं पीक तुडवू नये म्हणून.

बाबांनी पाहिलेलं नव्हतं, पण माझ्या नवऱ्यानं पाहिलंय. तो म्हणतो, आजोबांच्या मागून चालताना त्यांच्या पावलात पाऊल टाकायचा खेळ आम्ही खेळायचो.

मास्तर : सुभेदार, त्या माणसाबद्दल मला आदरच आहे. पण तुम्ही मला मोजे सांगता, डाळ सांगता, फीत सांगता. मी विचारतो कशासाठी, तुम्ही सांगता कसं. माझ्या वडिलांना तुरुंगाची, फाशीची भीती होती. पण रात्री कुणी उठवून विचारलं असतं की बाबा रे, हे कशासाठी, तर झोपेत उत्तर देता आलं असतं. तुमच्या वडिलांना देता आलं असतं?

सुभेदार : न्हाई. (थोडं थांबून) पण मास्तर, खंदकातला माणूस कशासाठी हे विचारतच न्हाई. मी स्वतः सव्वीस वर्षं वर्दीत होतो, स्वतंत्र देशाच्या. मला कशासाठी ते ठाऊक होतं. तरी बर्फात चौकीवर बसलं की डोक्यात काय असायचं? रजा मंजूर होईल का, आणि थोरल्याची फी भरली का. तुम्ही ध्येय म्हणता ते रजेवर आल्यावर आठवतं, एस.टी. स्टँडवर पोरं रामराम घालतात तेव्हा.

मास्तर : हे तुमचं प्रामाणिक आहे, मान्य. पण सुभाषबाबूंनी युरोपात हिंदी युद्धकैद्यांचीच फौज उभी केली ना? तोब्रुकला तुमची मराठ्यांची दुसरी पलटण जून ४२ मध्ये कैद झाली. कैद्यांना विचारलं गेलंच की, इंग्रजासाठी लढलात, आता देशासाठी लढता का.

सुभेदार : काही गेले, बरेच गेले न्हाईत. दोन्हीकडं माणसंच होती. आमच्या म्हाताऱ्याला आझाद हिंद फौज कळली ती घरी आल्यावर, ४६ ला. लाल किल्ल्यातला खटला होऊन गेलेला. तो म्हणायचा, आम्ही परत आलो तर मुंबईच्या धक्क्यावर कुणी हार घेऊन नव्हतं. लोकांचं लक्ष दुसरीकडं होतं. असू दे म्हणायचा, गाडीला जागा मिळाली.

मास्तर : लोकांना तुमचा राग नव्हता. लोकांना काय म्हणावं कळत नव्हतं.

हे वाक्य बाबांनी बारा वर्षांत पहिल्यांदाच म्हटलं. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांनाही ते अजून कळलेलं नसावं. प्रतिसरकारावर परिच्छेद असतो, इटलीतल्या मराठ्यांवर ओळही नसते. साधारण ५० हजार हिंदी सैनिक इटलीत लढले, ५,७८२ मेले. तिथल्या मोहिमेत दिलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ हिंदी फौजेतल्यांना, आणि त्या सहांत दोन मराठे. माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. त्यांची कबर नाही. कासिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. माणगावला पुतळा आहे, आणि २०२३ साली इटलीतल्या मोंतोनेच्या लोकांनी त्यांच्या नावाचं सावलीचं घड्याळ उभारलं. दुसरे नामदेव जाधव, आजेसासऱ्यांच्याच पलटणीतले. त्यांचं काम होतं रनरचं, म्हणजे निरोप्याचं. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीत दोन जखमी सोबत्यांना त्यांनी एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांतून मागे आणलं. हाताला गोळी लागून बंदूक चालेना, तेव्हा हातगोळे टाकत मशीनगनच्या चौक्या बंद पाडल्या. मग बंधाऱ्यावर उभं राहून महाराजांच्या नावाची आरोळी दिली. सासरे ही हकिगत सांगताना नेहमी उभे राहतात. त्या दिवशीही राहिले.

मास्तर : बसा सुभेदार. शौर्याबद्दल वाद नाही.

सुभेदार : मग वाद कशाबद्दल हाये?

मास्तर : (हसून) ते मलाच आता आठवत नाही. त्या मुलखातल्या माणसांशी काही बोलणं व्हायचं का यांचं?

सुभेदार : व्हायचं की. दोन शब्द शिकलेला म्हातारा. आक्वा म्हणजे पाणी आणि पाने म्हणजे भाकरी. जेवायला पाने मागतात म्हणून जन्मभर विड्याच्या पानाला हसायचा. चहासाखर देऊन अंडी घ्यायची. लंगरापाशी बारकी पोरं डबा घेऊन उभी राहायची, त्यांना चपाती द्यायची. उपाशीच होती ती बी. पण म्हाताऱ्याला तिकडचं काय आवडलं असंल तर बैल. पांढरेशुभ्र, आपल्या खिल्लारासारखेच, पण अंगानं हत्ती. म्हणायचा, बघायला देखणे, पण त्यांना चाल न्हाई. म्हसवडच्या बाजारात असला बैल कुणी घेतला नसता.

आतून सासूबाई आल्या. इतका वेळ त्या दाराआड तांदूळ निवडत सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, तुम्ही त्यांच्याच पत्राचं बोलताय, आत्याबाईंच्या पत्राचं कुणी बोलत न्हाई.

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई. आजेसासरे लढाईवर होते तेव्हा त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या. इकडून जाणारी पत्रं त्या शाळेच्या गुरुजींकडून लिहवून घ्यायच्या. पहिली ओळ तीच : इकडील सर्व ठीक. ४३ च्या पावसाळ्यात गोठ्यातली दुभती म्हैस मेली. मुलगी झाली आणि दीड महिन्यात गेली. गावात पोलिसांची धाड पडली, दिराला चौकीत नेऊन दोन दिवस बसवून ठेवलं. यातलं एक अक्षर त्यांनी लिहू दिलं नाही. 'तिकडं जिवाला घोर नको.' गुरुजींनी विचारलं, निदान म्हशीचं लिहू का? तर म्हणाल्या, म्हैस बरी आहे असं लिहा. १९४६ ला नवरा परत आला. अंगणात ट्रंक ठेवली आणि सरळ गोठ्यात गेला.

पुढे काय झालं ते सासूबाईंनाही ठाऊक नाही. आत्याबाई एवढंच सांगायच्या, की बराच वेळ तो बाहेर आला नाही.

मला वाटतं, सेन्सॉर बोर्डावर नेमणूक न झालेली इतकी चोख सेन्सॉर दुसरी सापडणार नाही. तिकडून येणारं पत्र साहेब तपासत होता. इकडून जाणाऱ्या पत्राला साहेबाची गरजच नव्हती.

बाबांनी पुन्हा पत्रं उचलली. आता ते वाचत नव्हते, नुसते बघत होते, उत्तरपत्रिका तपासताना बघायचे तसे. चष्मा कपाळावर, कागद डोळ्यांजवळ. सातही पत्रं त्यांनी तारखेप्रमाणे सतरंजीवर मांडली.

मास्तर : सुभेदार, ही एका हाताची पत्रं नाहीत.

सुभेदार : आँ?

मास्तर : मजकूर एक, पण अक्षरं तीन. हे पहिलं ऑक्टोबर ४३ चं, हे दुसरं नोव्हेंबरचं. या मुलाला मोडीची सवय आहे. उभी काना-रेघ खाली वळवतो बघा, अक्षर झुकतं. हात सुंदर. शाळेत पहिला आला असेल. आणि हे जानेवारी ४४ चं. हा दुसराच कुणीतरी. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, 'ठीक'ला पहिली वेलांटी देतो. पुढची दोन याचीच. शेवटची दोन पत्रं तिसऱ्याची.

सुभेदार पुढे वाकले. पन्नासेक वर्षं ही पत्रं त्यांनी पाहिली होती, पण अक्षर कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एक बोट नोव्हेंबरच्या पत्रावर ठेवलं, दुसरं जानेवारीच्या. मधल्या रिकाम्या सतरंजीवर सांग्रोचा पूर होता, तो उलटा पूल होता, आणि डिव्हिजनच्या इतिहासात असलेलं सगळं होतं. बाबांनाही ते कळलं असणार. सासऱ्यांचं सगळं सांगणं तासाभरापूर्वीच त्यांनी ऐकलं होतं, आणि तारखा त्यांच्या डोक्यात पक्क्या बसतात.

मास्तर : तो पहिला लिहिणारा... पाटणचा म्हणालात ते हेच पोर का?

सुभेदार : ठाऊक न्हाई. म्हातारा नाव कधी बोलला न्हाई.

बराच वेळ कुणी बोललं नाही. बाहेर मजूर माळवदाची पांढरी माती घमेल्यातून ओतत होते.

सुभेदार : बदली झाली असंल. कंपनी-कंपनीत बदल्या व्हायच्या.

बाबांनी पत्रं एकावर एक ठेवली, तारखेच्या क्रमानं, आणि मेणकापडाची घडी जुन्या वळणावरच घातली.

मास्तर : होय सुभेदार. बदलीच झाली असेल.